तू न विचारलेलं मत

आई, आज इंदापूरच्या कोर्टात एका म्हातारीची साक्ष होती. माझ्याच अशिलाची साक्षीदार. पिंजऱ्यात उभी राहिली, शिपायानं शपथ सांगायला सुरुवात केली, तर म्हणते, "थांब की बाबा, शपथ न्हाय घातली तर मी खोटं बोलंन आसं वाटतंय व्हय तुला?" सगळं कोर्ट हसलं, जज्जसाहेबही हसले. मी मात्र हसता हसता मधेच थांबले, कारण हे असलं बोलणं तुझं. तू त्या पिंजऱ्यात असतीस तर हेच बोलली असतीस आणि मी तुझ्याकडे डोळे वटारून पाहिलं असतं. साक्ष चांगली झाली. घरी येऊन चहा टाकला, आणि तो उतू जाऊन शेगडी विझली तरी मी ओट्याशी नुसती उभी होते. मग म्हटलं, बसावं आणि लिहावं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की आता तू रागावशील ही भीती नाही. मी चिडकी होते ती अजून तशीच आहे, तेव्हा लिहिता लिहिता माझा आवाज चढला तर सांभाळून घे.

शपथेवरून मला काय आठवलं ते तुला कळलं असेलच. नव्वदीतली आपल्या गावची ती निवडणूक. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि जळोचीला मामाकडे राहायचे. मामाच्या घराभोवती त्या वेळी सगळी उसाची रानं. राज्यशास्त्र घेतलं होतं आणि ते माझ्या डोक्यात फार गेलं होतं. लोकांची संमती, बहुमताच्या मर्यादा, न्याय म्हणजे नेमकं काय, असलं सगळं शनिवारी एसटीनं गावाला आले की मी तुम्हा दोघांना ऐकवायचे. आप्पा गोठ्यात शेण काढता काढता ऐकायचे. तू मधेच विचारायचीस, "मग हे हक्क लिवायच्या आधी कुठं हुते?" मी म्हणायचे, आधी नव्हतेच. तू म्हणायचीस, "नव्हते तर मग मागितले कशाच्या जोरावर?" मी वैतागून घरात निघून जायचे, कारण पेपरात असला प्रश्न कधी येत नसे.

आपल्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक म्हणून कधी झालीच नव्हती. गाव बिनविरोध, आणि त्याचा गावाला केवढा अभिमान. अर्ज भरायच्या आधी मारुतीच्या पारावर बैठक बसायची, तात्या एकेक नाव सांगायचे, माना हलायच्या, नारळ फुटायचा. तात्या म्हणजे गावचे जुने कारभारी. आवाज कधी चढवायचे नाहीत, कुणाच्या मयताला चुकायचे नाहीत. वाईट माणूस नव्हता, हे मला तूच बजावायचीस. आपल्या वस्तीची एक जागा असायची, ती कुणाला द्यायची हेही पारावरच ठरायचं, आणि आपली माणसं खाली लिंबाच्या सावलीत उभी राहून ते ऐकायची. त्या वर्षी बायकांच्या जागा राखीव झाल्या आणि सरपंचपद आपल्या समाजाच्या बाईसाठी निघालं. म्हणजे वस्तीतली जी बाई त्या एका जागेवर येईल तीच सरपंच होणार. पारावर शेजारच्या मावशीचं नाव ठरलं. आपल्या भिंतीला भिंत लावून राहणारी मावशी, नवरा तात्यांच्या मळ्यावर कामाला, आणि बाई इतकी अबोल की मीठ हवं असलं तरी दारात येऊन रिकामी वाटी पुढं करायची. गावाला सरपंच तशीच हवी होती. आणि तू, आई, बाजाराला जाते म्हणून इंदापूरला गेलीस आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन परत आलीस, तेव्हा आप्पांना सांगितलंस की मी पण अर्ज भरलाय.

त्यानंतर आपल्या दुधाला फॅट लागेना. म्हशी त्याच, वैरण तीच, पण दूध केंद्रावर आप्पांचं कॅन आलं की काटा खालीच राहायचा आणि कॅन भरलेलंच घरी यायचं. गिरणीत आपला दळणाचा डबा सगळ्यांच्या मागं सरकायला लागला. कुणी तोंडानं एक वाईट शब्द बोललं नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटायचं. रस्त्यात माणसं नेहमीसारखी "कसं काय" विचारायची. आप्पांनी जेवण कमी केलं. तू त्या दुधाचं दही लावायचीस आणि वस्तीतल्या पोरांना वाटायचीस आणि म्हणायचीस, खाऊ द्या, निवडणुकीचा खर्च हाय.

त्या शनिवारी चुलीपुढं आपलं जुंपलं. तू भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, "सगळं गाव एका विचारानं चाललंय, भांडण नाही, मारामारी नाही. लोकांची संमती म्हणतात ती हीच." तू भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "सगळी गप बसली म्हंजे कबूल झाली व्हय? गोठ्यातली म्हसरं बी गपच असत्यात." मी विचारलं, तुला सरपंच व्हायचंय का. तू म्हणालीस, "मला इचारायचंय." काय विचारायचंय? "जे सुचंल ते. वस्तीला नळ का न्हाय ते. पर दिलेल्या खुर्चीवर बसून देणाऱ्याला कसं इचारायचं?" मला ते ऐकून चीड आली. वस्तीला नळ नव्हता, उन्हाळ्यात कालव्यावरून हंडे आणायला लागत, आणि तुझ्या मानेचं दुखणं त्या हंड्यांचंच होतं. ज्याच्या हाती खुर्ची त्याच्या हाती नळ, एवढं साधं मला दिसत होतं. खुर्ची कुठल्या वाटेनं आली हे पाण्याला कळत नाही, असं मी म्हणाले. तू भाकरी उलटलीस. ह्याचं उत्तर तुझ्यापाशी नाही असं मला तेव्हा वाटलं, आणि खरं सांगू, अजूनही अधूनमधून वाटतं.

अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस. तहसील कचेरीच्या आवारात आपण दोघी झाडाखाली बसलोय. मुदत तीन वाजेपर्यंतची. ऊन असं की चपलेतून चटका लागतोय. तू घरून आणलेली चटणी-भाकरी सोडतेस आणि खातेस, मी मोडलेला तुकडा हातातच धरून बसते. अडीचच्या सुमाराला तात्यांची जीप आत येते. मागच्या सीटवर मावशी, तोंडात पदराचं टोक, आणि मागच्या फळीला धरून तिचा नवरा उभा. तात्या एकटेच आपल्याकडे चालत आले आणि तुझ्यासमोर, म्हणजे अगदी समोर, दगडावर बसले. मी दचकले. गावात ते आपल्या माणसांशी असे समोरासमोर बसून कधी बोलले नव्हते.

"बाई, तू जिकलीस," तात्या म्हणाले. "गावानं तुजंच नाव ठरवलंय. तिचा अर्ज मागं घ्यायला लावतो. तू बिनविरोध सरपंच. फकस्त उद्या पारावर यायचं, चार माणसांत गावाचं आभार मानायचं, नारळ तुज्या हातानं फोडू. गावाची रीत मोडाय नगं, एवढंच."

आई, त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता. पारावर, आपण. नळ. आप्पांचं दूध. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तुझा हात दाबला. तू माझा हात बाजूला केलास आणि विचारलंस, "तिला इचारलंय का?"

"कुणाला?"

"जिचा अर्ज हाय तिला."

तात्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "तिला काय इचारायचं? तिचा नवरा माज्या मळ्यात हाय." त्यात मग्रुरी अजिबात नव्हती. शेताचा बांध कुठं आहे हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. तू भाकरीचं फडकं बांधलंस, उठलीस आणि जीपकडे चालायला लागलीस. मी मागून पळत गेले आणि दबक्या आवाजात म्हणत राहिले, आई नको, आई थांब, तुझं काय जातंय त्यात. कचेरीच्या भिंतीवरचं घड्याळ दारातून दिसत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते, काटा पळावा की थांबावा हेच मला कळत नव्हतं.

"काढायचाय का तुला अर्ज?" तू मावशीला विचारलंस.

मावशीनं नवऱ्याकडे बघितलं. "ते म्हणत्यात."

"ते ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतंय?"

मावशीनं मांडीकडे बघितलं. अर्ज मागं घ्यायचा कागद तिच्या मांडीवर होता. मग पदर तोंडातून काढून ती म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाय आजून."

"मी इचारते की."

"मग ऱ्हाऊ दे माजा बी," मावशी म्हणाली, आणि तो कागद तिनं सीटवर ठेवला आणि त्याच्यावर बसली. नवरा हात पुढं करून तिथंच राहिला. बायकोला उठवून तिच्या खालचा कागद ओढायचा तर तहसीलच्या आवारात, शंभर माणसांदेखत. तात्या लांबून हाका मारत होते. तीन वाजले.

तू स्वतःच्या हातानं स्वतःच्या विरोधात उमेदवार उभा केलास, आई. तात्यांनी तिथल्या तिथं विचार बदलला. आता निवडणूक होणारच तर दोघींतली मवाळ कोण, हे त्यांना माहीत होतं. सगळं गाव मावशीच्या मागं उभं करायला त्यांना संध्याकाळही लागली नाही. परतीच्या एसटीत मी तुझ्याशी बोलत नव्हते. निमगावच्या अलीकडे मला राहवलं नाही आणि मी मोठ्यानं, कंडक्टरनं वळून बघितलं इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मी तुला मत देणार नाही." माझं ते पहिलंच मत असणार होतं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "नगं दिऊ. पर तितं जाऊन नगं दिऊ. घरात बसून न्हाय." आणि माझ्या मांडीवर उरलेली अर्धी भाकरी ठेवलीस.

मग ते दोन आठवडे. मी कॉलेज बुडवून गावातच होते. तुला चिन्ह मिळालं कपबशी. ते कळल्यावर तू हसत सुटली होतीस, कारण गावच्या हॉटेलात आपल्या लोकांच्या कपबशा काल-परवापर्यंत बाहेर वळचणीला ठेवलेल्या असत, आपल्याआपण विसळून घ्यायच्या. "आता बगा, सगळ्या गावाला माज्या कपबशीपुढं उभं ऱ्हावं लागनार," म्हणालीस. मला हसू येत नव्हतं. तिकडं पारावर भंडारा उचलायला लावत होते. हातात बेल आणि हळद घेऊन देवाच्या नावानं शब्द द्यायचा की मत मावशीला. असा शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं, हे लहान पोरांनाही माहीत. एकेक घर जाऊन भंडारा उचलून येत होतं आणि आपल्याला रोज कानावर येत होतं की आज अमक्या आळीची माणसं झाली.

एका संध्याकाळी वस्तीतली तरणी पोरं विहारात जमली. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पोरं तुला म्हणाली, "काकी, आपली बी घरं फुटाया लागली. त्येंनी भंडारा उचलला, आपुन हितं बुद्धांसमोर शपथ घिऊ. एकेकाचं नाव घिऊन." आप्पा पहिल्यांदा बोलले, "घ्या. आत्ताच घ्या." मीही मान हलवली. तू दारात उभी होतीस, आत आली नाहीस. म्हणालीस, "माज्यासाठी कुणी शपथ घ्यायची न्हाय."

"आगं पर का?"

"शिक्का मारायच्या त्या पुठ्ठ्याच्या आड मानूस एकटा असतो. जल्मात एकदा एकटा असतो, तात्या न्हाय, नवरा न्हाय, जात न्हाय. मी शपथ घातली तर मी बी जानार की तितं, त्याच्या मानगुटीवर बसून. मग त्यो एकटा कुठं ऱ्हायला?"

"हरशील काकी."

"हरंन."

पोरं चिडून उठून गेली. एक जण जाता जाता म्हणाला, हिला पुढारीण व्हायचंच नव्हतं, नुसता दंगा घालायचा होता. आप्पा तुझ्याशी त्या दिवसापासून बोलेनात. आणि मी तुला कशी बघत होते ते तुला दिसत होतं. पुढं लॉ कॉलेजात सरांनी गुप्त मतदान शिकवलं, त्याचे फायदे एक-दोन-तीन फळ्यावर लिहून दिले. मी ते पाठ केले, पण वहीत उतरवताना मला सारखा विहाराचा उंबरा दिसत होता आणि मी धुसफुसत होते. कारण त्या फायद्यांत आपल्या घरात दिवसच्या दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं हे कुठंच नव्हतं. तू जे केलंस त्याची किंमत तू एकटीनं भरली नाहीस. तुझ्या तत्त्वाला आमचाही घास लागला. हे मला तुला तोंडावर सांगायचं होतं, ते आज सांगते.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात, जिथं मी चौथीपर्यंत शिकले त्याच वर्गात, रांगेतून आत गेले. बोटाला शाई लावली. गार लागली. मतपत्रिका घडी घालून हातात दिली, शिक्का दिला. कोपऱ्यातल्या टेबलावर तो पुठ्ठा. त्याच्या आड गेले आणि आई, खरोखरच तिथं कुणी नव्हतं. बाहेर तात्यांची माणसं होती, आपली पोरं होती, पण आत फक्त फळ्यावरचं कुणीतरी अर्धवट पुसलेलं गणित आणि मी. वर कपबशी, खाली मावशीची छत्री. मी इतका वेळ लावला की मतदानाच्या साहेबानं पुठ्ठ्याबाहेरून विचारलं, "झालं का?"

घरी आले. तू अंगणात तांदूळ निवडत होतीस. आप्पा खाटेवर होते, ते उठून बसले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ते घरात मोठ्यानं बोलले. "टाकलं का आईला?" मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते माझं मला माहीत होतं. आणि तू सूप खाली ठेवलंस आणि आप्पांकडे बघून म्हणालीस, "तिला इचारू नगा. तिचं हाय ते." मग मला म्हणालीस, "हातपाय धू, जेवायला बस." तुझ्या आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले, निदान एकदा तरी तू माझ्या डोळ्यांत बघून अंदाज घेशील म्हणून. तू खडे वेचत राहिलीस.

हरलीस. फार नाही, थोडक्या मतांनी, पण हरलीस. आणि खरं म्हणजे भंडारा उचललेल्या घरांतूनही काही मतं तुला पडली होती, त्याशिवाय आकडा तिथवर जाताच ना. कुणाची, हे कुणाला कधी कळलं नाही. गाव कित्येक महिने एकमेकांकडे संशयानं बघत होतं आणि तू खूश होतीस. मावशी सरपंच झाली. पहिल्या ग्रामसभेत ती खुर्चीच्या शेजारी खाली पोत्यावर बसली होती आणि कारभार तात्या बघत होते. तू उभी राहिलीस. "वस्तीचा नळ कधी येनार?" तात्या सांगायला लागले, निधी, मंजुरी, वरची कचेरी. तू त्यांना मधेच तोडलंस. "तात्या, तुमाला न्हाय इचारलं. सरपंचाला इचारलं." मावशीनं आधी पदर तोंडात धरला. मग ती उठली, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली आणि म्हणाली, "बगते." एवढंच. लोक हसले. तू हसली नाहीस, मान हलवून खाली बसलीस.

नळ आला, पण फार उशिरा. तोवरचे उन्हाळे तू हंडे वाहिलेस आणि प्रत्येक हंड्यामागं मी मनात म्हणत राहिले, खुर्ची घेतली असतीस तर. न्याय म्हणजे शेवटी घरात आलेलं पाणी, की ते पाणी मागायला ताठ उभं राहता येणं, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही. अशिलांना मी रोज पहिलंच मिळवून देण्याच्या मागं असते. पण आज त्या म्हातारीची साक्ष घेताना लक्षात आलं की कुणाला प्रश्न विचारायच्या आधी मी नकळत थांबते, त्याला नको असेल तर त्यानं उत्तर देऊ नये एवढी जागा ठेवते. ही सवय मला कॉलेजनं लावलेली नाही.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा, शेवटच्या दिवसांत, मी एकदा विषय काढला होता. म्हणाले, आई, त्या मतदानाला मी... तू पाणी मागितलंस. मी पाणी दिलं. तू प्यालीस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीस. तुला सगळं ऐकू आलं होतं, मला माहीत आहे.

आज हे लिहायला बसले ते खरं तर तेवढ्यासाठीच, शिक्का कुठं मारला ते तुला सांगून टाकायला. तुला आता कुणी दुखवू शकत नाही आणि पत्र कुठं जाणारही नाही. पण लिहिता लिहिता इथवर आले आणि कळलं की ते मी लिहिणार नाही. कागदावरसुद्धा नाही. तू ते माझं आहे म्हणालीस, तेव्हा ते माझ्यापाशीच राहू दे. फक्त एक सांगते. हक्काबिक्काचं सगळं खरं, तुझं बरोबर होतं असंही एखाद्या दिवशी मी म्हणेन. पण मत टाकून आले त्या दुपारी मी अंगणात तुझ्यासमोर उभी होते तेव्हा तू मला विचारावंस असं मला फार वाटत होतं, आई. अजून वाटतं.